रांजण

इटलीतल्या बारीहून कुताईसीपर्यंत विमान,
पुढे खिळखिळी मार्शरुत्का,
पुलापासून पायी. पूल नवा आहे, ओढा तोच.
फाटक तारेनं बांधलेलं होतं
आणि तार माझ्याच हातची निघाली,
अकरा वर्षांपूर्वीची, तीन पीळ आणि एक उलटा.

घरात फार थांबले नाही.
खिडक्या उघडल्या, उंदरांच्या लेंड्या झाडल्या.
बाबांची टोपी खिळ्यावर होती, तिथेच राहू दिली.
रडू येईल असं वाटलं होतं.
भूक लागली.

अवतांदिल कुंपणावरून म्हणाला, आलीस?
जशी काही मी दुकानातून मीठ घेऊन आले होते.
मग म्हणाला, तुमचीही द्राक्षं मीच उतरवतोय यंदा,
पण ठेवू कुठे? तुमचा रांजण मेलाय.
मेलाय, असंच म्हणाला.

डाळिंबाखाली, गळ्यापर्यंत मातीत पुरलेला तो.
दोघांनी मिळून झाकणाची फरशी सरकवली.
आतून आंबूस, कोंदट वास आला,
बंद पेटीतल्या ओल्या लोकरीसारखा.
त्यानं दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडली.
जळत राहिली. हवा होती म्हणजे.

माझं पोट बघ, अवतांदिल म्हणाला,
पोरगा पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
तूच मावशील.
आणि आत गेलीस की बोलत राहायचं.
आवाज थांबला की मी दोरी ओढणार,
शुद्ध गेली की शब्द संपले, ते विचारत बसणार नाही.

गुडघे कानांशी, हातात चेरीच्या सालींचा ब्रश,
डोक्यावर ताटलीएवढं आभाळ.
काय बोलायचं?
सुरुवात गोळ्यांपासून केली, इटालियनमध्ये,
सकाळी पांढरी, दुपारी अर्धी पिवळी,
सिन्योरा ऑर्नेल्ला, कूस बदलूया,
दर दोन तासांनी कूस बदलूया.
कुणाची झोप मोडू नये असा तो आवाज,
परक्या घरांसाठी कमावलेला.
रांजणानं तो गिळून टाकला. उं नाही की चूं नाही.

मग कोपर खरचटलं
आणि तोंडातून शिवी सुटली,
बाबा आमच्या निकोरा बैलाला हासडायचे ती.
रांजण घणघणला.
वर अवतांदिल हसायला लागला.

त्यानंतर मी घासत गेले आणि बोलत गेले.
बैलांची नावं, उतारांची नावं,
कुठल्या विहिरीला चुन्याची चव, कुठलं अक्रोडाचं झाड कुणाच्या भांडणात तुटलं.
बाबांना पुरलं ते मी फोनवर पाहिलं,
सिन्योराच्या न्हाणीघरात, नळ सोडून,
रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.
हेही सांगितलं. मोठ्यानं. मातीला.
इतक्या जवळून तिला कधी काही सांगितलं नव्हतं,
तिचा ओलावा पाठीला लागत होता.

देवाचं नाव घेतलं का, आठवत नाही.
बारीत रविवारी मेणबत्त्या लावायचे,
तिथला संत सज्जन होता,
पण आमची ओळख कधी झाली नाही.
इथे खाली कुणाचा चेहराच नव्हता.
तळ लागला तेव्हा ब्रश ठेवला
आणि तळहात टेकून बसले.
किती वेळ, कोण जाणे.

वरून हाक आली. दोरी ताणली गेली.
अगं, आहेस ना?

आहे, मी म्हटलं.
आणि ते खालून वर, वरून खाली
बराच वेळ फिरत राहिलं,
आहे, आहे,
मी ऐकत बसले.

तिसऱ्या पाण्याला गढूळपणा गेला.
अवतांदिलनं त्यातलंच मगभर काढलं,
उन्हात धरून पाहिलं, अर्धं प्यायला,
उरलेलं माझ्यापुढे केलं.
कसली चव?
कसलीच नाही.
मग झालं, तो म्हणाला. द्राक्षं शनिवारी.

माझं परतीचं तिकीट बुधवारचं आहे,
ते सांगायचं राहून गेलं.
तो फाटक उघडंच टाकून गेला.
तार माझ्या हातात होती.
कितीतरी वेळ मी ती नुसतीच
सरळ करत बसले.